चारी चाकांची ओढ सुटेनाशी झाल्यास काय करावें?

चारी चाकांस ओढ असलेला ट्रॅक्टर आतां महाराष्ट्रांत नवलाईचा राहिलेला नाहीं. द्राक्षबागांच्या ओळींतून फिरणारा लहान ट्रॅक्टर असो, कोंकणांतील भाताची चिखलणी असो, कीं ऊंसाच्या रानांतील खोल नांगरट असो, पुढच्या चाकांनीं मागच्यांस हात दिला म्हणजे काम किती हलकें होतें, हें पुष्कळ वाचकांनीं स्वतः अनुभविलें असेल. परंतु यंत्र दारांत आणून देणारा मनुष्य ही ओढ जोडावी कशी एवढेंच बहुधा दाखवून जातो. ती सोडावी केव्हां, आणि सोडूं गेलें असतां सुटली नाहीं तर काय करावें, याचें ज्ञान मालकास पुढें खर्चांत पडूनच होतें. तो खर्च वाचावा, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे यंत्राखालीं शिरून कोणाच्या हातापायांस अपाय होऊं नये, या हेतूनें आम्ही हा विषय येथें क्रमवार मांडीत आहों.

तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. रानांतलें काम आटोपलें, ट्रॅक्टर डांबरी सडकेवर आला, ओढ सोडण्याचा दांडा ओढला. परंतु दांडा जागचा हालत नाहीं, किंवा हालतो पण पुढचीं चाकें मोकळीं होत नाहींत. मग कोणी दांड्यास लाथ घालतो, कोणी त्यास लोखंडी नळी अडकवून जोर करितो, आणि कोणी "राहूं दे तसाच" म्हणून ट्रॉली जोडून साखर कारखान्याची वाट धरितो. या तिन्ही गोष्टी सारख्याच नुकसानीच्या आहेत. महसुली कामांत जागेवर पाहणी केल्यावांचून नोंदीस हात लावूं नये असा जो दंडक असतो, तोच यंत्रासही लागू आहे. आधीं पाहणी, मग कारण, आणि शेवटीं उपाय.

ओढ पुढच्या चाकांपर्यंत कशी जाते?

ट्रॅक्टरच्या गिअरपेटीच्या पोटाशीं एक लहान पेटी असते. तींत एक दांतेरी कडें असून तें दांड्याच्या योगानें पुढें-मागें सरकतें. कडें सरकून समोरच्या दांत्यांत बसलें, म्हणजे गिअरपेटींतील गति एका लांब शाफ्टवाटे पुढच्या आंसाकडे जाते; कडें मागें घेतलें म्हणजे शाफ्ट मोकळा होतो. पुढच्या आंसांत डिफरन्शियल असतें व तेथून गति दोन्ही चाकांस वांटली जाते. त्यामुळें वळणावर पुढचीं दोन चाकें एकमेकांहून कमी-जास्त फिरूं शकतात. मागच्या आंसाचीही तीच व्यवस्था. परंतु पुढचा आंस व मागचा आंस या दोहोंच्या दरम्यान असें डिफरन्शियल बहुतेक ट्रॅक्टरांत नसतें. ओढ जोडली कीं दोन्ही आंस एका जोखडांत जुंपलेल्या बैलांसारखे होतात. एकास अधिक व दुसऱ्यास उणें चालावयाचें असलें तरी मोकळीक मिळत नाहीं.

आणि या जोडींतील दोघांची चाल मुळांतच थोडी निराळी ठेवलेली असते. पुढचीं चाकें लहान व मागचीं मोठीं. म्हणून गिअरांचें प्रमाण असें धरतात कीं पुढच्या चाकानें मागच्यापेक्षां किंचित् अधिक वाट चालूं पहावें. असें न केल्यास पुढचीं चाकें ओढण्याऐवजीं मागून ढकललीं जातील व सुकाणूही नीट लागूं होणार नाहीं. ही आगेकूच साधारणतः शेंकडा १ ते ५ इतकी असते. समजा, ओढ सोडलेली असतां मागचें चाक १० फेरे फिरलें म्हणजे पुढचें १४.८ फेरे फिरतें, आणि ओढ जोडल्यावर तेंच १५.३ फेरे फिरतें. फरक अर्ध्या फेऱ्याचा. म्हणजे शेंकडा सुमारें ३.४. याचा अर्थ असा कीं १०० मीटर वाटेंत पुढचीं चाकें सुमारें साडेतीन मीटर अधिक चालूं पाहतात.

नांगरलेल्या रानांत हे साडेतीन मीटर मातींत घसरून सहज जिरतात व कोणास कळतही नाहींत. डांबरी किंवा सिमेंटच्या सडकेवर मात्र घसरण्यास माती नसते. टायर सडकेस घट्ट धरितो, गिअर त्यास पुढें रेटतो, आणि हा सर्व ताण शाफ्टांत, दांत्यांत व टायरांच्या कुशींत सांठत जातो. दोरास पीळ भरावा तसा हा पीळ भरतो. पीळ भरलेला असतां दांतेरी कड्याचे दांते समोरच्या दांत्यांवर इतके दाबून बसतात कीं घर्षणामुळें कडें सरकत नाहीं. दांडा न सुटण्याचें सर्वांत सामान्य कारण हेंच होय. यांत यंत्र मोडलेलें नसतें. तें केवळ पिळलेलें असतें.

कोणी म्हणेल कीं आम्ही क्लच दाबून दांडा ओढतों, तरीही तो सुटत नाहीं. परंतु क्लच हा इंजिनास गिअरपेटीपासून तोडतो. पीळ तर पुढच्या व मागच्या आंसांमध्यें भरलेला असतो. म्हणून क्लच दाबल्यानें इंजिनाचा जोर गेला तरी हा पीळ जागचे जागींच राहतो.

प्रथम पहावें: ओढ खरोखर जोडलेली आहे काय?

हातोडी हातीं घेण्यापूर्वीं दोषाची खात्री करावी. तीन गोष्टींची गल्लत फार वेळां होते.

पहिली गल्लत दिव्याची. समोरच्या पाटीवर ओढीचा दिवा पेटलेला राहिला म्हणजे ओढ जोडलेलीच आहे असें नव्हे. दिवा पेटविणारें लहान बटण चिखलानें अडकलें किंवा त्याची वायर कोठें लोखंडास टेकली, तरी दिवा पेटतो. उलट दिवा विझला असतांही कडें अर्धवट दांत्यांत राहिलेलें असूं शकतें.

दुसरी गल्लत मागच्या डिफरन्शियलच्या कुलुपाची. टांचेनें दाबावयाचा हा पायटा सोडल्यावरही कधीं कधीं कुलूप अडकून राहतें. तसें झाल्यास मागचीं दोन्ही चाकें एकसारखीं फिरतात, ट्रॅक्टर वळण घेत नाहीं व मागचा टायर सडकेवर घासतो. चारी चाकांची ओढ अडकली असेल तर घासण्याची खूण पुढच्या टायरांवर दिसते व सुकाणू जड लागतें. कुलूप अडकलें असल्यास सपाट रानांत अगदीं सावकाश चालवून डावा व उजवा ब्रेक आळीपाळीनें हलकेच दाबावा. बहुधा तें सुटतें.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष परीक्षा. ट्रॅक्टर सपाट व टणक जागीं उभा करावा, इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हातब्रेक लावावा, गिअर टाकावा व मागच्या चाकांस पुढून-मागून ठोकळे द्यावे. मग पुढचा आंस जॅकनें उचलून दोन्ही बाजूंस मजबूत लांकडी ठोकळ्यांवर टेकवावा. पुढचा आंस मध्यावर झुलता असतो. म्हणून एकट्या जॅकवर भरंवसा ठेवूं नये. आतां दोघांनीं दोन्ही बाजूंचीं चाकें एकाच दिशेनें फिरवावीं. चाकें सहज फिरलीं व पोटाखालचा शाफ्टही बरोबर फिरला, तर ओढ सुटलेली आहे. चाकें अडलीं, तर ती जोडलेली आहे. एकट्यानें एकच चाक फिरवून निर्णय करूं नये; कारण डिफरन्शियलमुळें समोरचें चाक उलट फिरतें, शाफ्ट स्थिर राहतो, आणि ओढ जोडलेली असूनही सुटल्याचा भास होतो. अशा भासावर विसंबून पुष्कळ दुरुस्त्या चुकीच्या ठिकाणीं होतात.

ज्या ट्रॅक्टरांत ओढ दांड्याऐवजीं बटणानें जोडली जाते, त्यांस ही परीक्षा सरसहा लागू करूं नये. त्याचें कारण पुढें सांगूं.

पहिला उपाय: पीळ उतरविणें

दांडा घट्ट बसला असेल तर प्रथम पीळच उतरवावा. यास हत्यार लागत नाहीं. ट्रॅक्टर सपाट जागीं असावा. उतारावर हा प्रयोग करूं नये. पुष्कळ ट्रॅक्टरांस ब्रेक केवळ मागच्या चाकांस असतात, व ओढ जोडलेली असली म्हणजेच त्या ब्रेकचा परिणाम शाफ्टवाटे पुढच्या चाकांपर्यंत पोंचतो. उतारावर ओढ एकाएकीं सुटली म्हणजे तेवढा आधार नाहींसा होतो, आणि मागें भरलेली ट्रॉली असल्यास हें जिवावर बेतूं शकतें.

सपाट जागीं ट्रॅक्टर सर्वांत सावकाश गिअरांत सरळ मागें घ्यावा. दांड्यावर सोडण्याच्या दिशेनें हलकासा हात ठेवावा. जोर करूं नये. मागें जातांना आधीं भरलेला पीळ उतरत जातो, एका क्षणीं तो शून्य होतो, आणि त्याच क्षणीं कडें आपोआप सुटून दांडा सरकतो. हा क्षण चुकवून तसेंच मागें जात राहिल्यास उलट दिशेनें नवा पीळ भरूं लागतो. म्हणून दहा-पंधरा पावलांत दांडा न सुटल्यास थांबावें व तितकेंच पुढें यावें. असें दोन-तीनदां केल्यास बहुतेक दांडे सुटतात. दांडा चालत्या ट्रॅक्टरांत सरकवावयाचा कीं थांबून, क्लच दाबून कीं न दाबतां, हें त्या त्या यंत्राच्या पुस्तकांत दिलेलें असतें. तें पाहून त्याप्रमाणें हात चालवावा.

दुसरी रीत मऊ रानाची. सडक सोडून नांगरलेल्या वावरांत यावें व सावकाश पुढें जातांना सुकाणू डावीकडे-उजवीकडे वळवीत जावें. याचें कारण हिशेबानें समजेल. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां मोठ्या वर्तुळांतून जातात. दोन आंसांमधील अंतर २ मीटर असून मागच्या आंसाचा मध्य ४ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून गेला, तर पुढच्या आंसाच्या मध्याचें वर्तुळ सुमारें ४.४७ मीटर त्रिज्येचें पडतें; म्हणजे पुढच्या चाकांस शेंकडा सुमारें १२ अधिक वाट चालावी लागते. गिअर त्यांस केवळ तीन-साडेतीन टक्के अधिक देतात. अर्थात् वळणावर पुढचीं चाकें मागें ओढलीं जातात व पीळ उलट दिशेनें भरूं लागतो. सरळ वाटेवर एका बाजूस व वळणावर दुसऱ्या बाजूस पीळ भरतो, तेव्हां मध्यें कोठें तरी तो शून्य होणारच. त्याच वेळीं हलका हात असावा. हाच हिशेब दुसरीही एक गोष्ट शिकवितो. कठीण जमिनीवर ओढ जोडून आंखूड वळण घेणें म्हणजे पुढच्या आंसाच्या दांत्यांवर नाहक मार घालणें होय.

ट्रॅक्टर मुळींच हालवितां येत नसेल, तर पुढचें एक चाक जॅकनें उचलल्यानेंही पीळ उतरतो. कारण उचललेलें चाक मोकळेपणीं फिरून ताण सोडून देतें. परंतु तें एकदम हिसक्यानें फिरतें. त्या वेळीं त्यावर हात, पाय किंवा पाना कदापि नसावा, मागच्या चाकांस ठोकळे दिलेले असावे, व ट्रॅक्टरखालीं कोणी नसावें. कांहीं पुढच्या आंसांत चाकाचें मोकळें घसरणें रोखणारी रचना असते. तेथें एक चाक उचलून पूर्ण पीळ उतरेलच असें नाहीं.

दुसरा उपाय: टायरांची मोजणी

पीळ उतरविला कीं दांडा सुटतो, परंतु दर खेपेस तोच प्रकार पुन्हां होतो, असें असेल तर टायरांकडे पहावें. टायर हे गिअरांच्या हिशेबाचा भागच आहेत. मागचे टायर फार झिजले किंवा त्यांत हवा कमी राहिली, तर त्यांचा फेर लहान होऊन पुढच्या चाकांची आगेकूच वाढते. पुढें नेमलेल्यापेक्षां मोठा टायर घातला तरी तेंच होतें. उलट पुढचेच टायर झिजून गेले, तर आगेकूच नाहींशी होऊन पुढचीं चाकें नुसतीं ओढलीं जातात.

मोजणीची रीत सोपी आहे. चारी टायरांत पुस्तकांत दिल्याप्रमाणें हवा भरावी. मागच्या व पुढच्या एकेका टायरावर चुन्याची खूण करावी. ओढ सोडून, सडकेवर सरळ चालवीत, मागच्या चाकाचे १० फेरे होईपर्यंत पुढच्याचे फेरे मोजावे. अपुरा फेराही अंदाजानें दहाव्या भागापर्यंत धरावा. मग मऊ रानांत ओढ जोडून तेंच करावें. दुसऱ्या संख्येंतून पहिली वजा करून, राहिलेल्यास पहिलीनें भागून शंभरानें गुणावें. उत्तर १ ते ५ यांच्या दरम्यान आलें तर टायर ठीक समजावे. यंत्राच्या पुस्तकांत याहून निराळा आंकडा असल्यास तोच प्रमाण मानावा.

एक उदाहरण घेऊं. मागच्या चाकाचा चालता फेर ४०० सेंटिमीटर व पुढच्याचा २७० आहे. ओढ जोडली असतां मागच्याच्या एका फेऱ्यास पुढचें १.५३ फेरे फिरतें. म्हणजे ४१३ सेंटिमीटर चालूं पाहतें. आगेकूच शेंकडा सुमारें ३.३, हें योग्य आहे. आतां मालकानें स्वस्त मिळाले म्हणून पुढें २८५ सेंटिमीटर फेराचे टायर चढविले, तर तेंच चाक ४३६ सेंटिमीटर चालूं पाहील. आगेकूच शेंकडा ९ होईल. अशा ट्रॅक्टरची ओढ सडकेवर चार पावलांत पिळून बसेल, पुढचे टायर वर्षाचे आंत गुळगुळीत होऊं लागतील, आणि दोष मात्र दांड्यास दिला जाईल. टायरावरील आंकडा तोच असला तरी निरनिराळ्या कारखान्यांच्या टायरांचा फेर कमी-अधिक असूं शकतो. यास्तव टायर बदलतांना केवळ आंकडा न पाहतां चालता फेर मोजावा, व एका आंसावर एकच जात व एकच झीज ठेवावी.

तिसरा उपाय: दांड्यापासून पेटीपर्यंतची पाहणी

पीळ नाहीं, टायर ठीक आहेत, तरीही दांडा सरकत नाहीं; किंवा दांडा सरकतो पण ओढ सुटत नाहीं. अशा वेळीं दोष पेटीच्या बाहेर आहे कीं आंत, हें प्रथम ठरवावें. दांड्यापासून निघालेली सळई किंवा केबल पेटीवरील लहान हातास एका खिळीनें जोडलेली असते. ती खिळी काढून दोन्ही बाजू वेगळ्या कराव्या. मग दांडा हालवून पहावा, आणि पेटीवरचा हातही निराळा हालवून पहावा.

दांडा जड व पेटीवरचा हात मोकळा असेल, तर दोष बाहेरचा आहे. चिखलणीनंतर दांड्याच्या सांध्यांत चिखल वाळून सिमेंटासारखा बसतो. केबलींत पाणी शिरून तार गंजते. दगड किंवा बुडखा लागून सळई वांकते. कधीं पायाखालचा रबरी पट्टा दांड्याच्या वाटेंत येतो. सांधे धुवून, गंज काढून, तेल द्यावें. गंजलेली केबल तेल देऊन चार दिवस चालते, पण ती बदलणेंच बरें. सळईची लांबी स्क्रूनें कमी-जास्त करितां येत असल्यास ती अशी लावावी कीं पेटीवरचा हात दोन्ही टोकांस पूर्ण जाऊन "टक्" असा स्पष्टपणें बसेल. आंत स्प्रिंगनें दाबलेली एक गोळी असते. हा ठोका तिचा. ठोका लागत नसेल तर कडें अर्धवट राहतें, व अर्धवट राहिलेल्या कड्याचे दांते टोकांवर झिजून पुढें खरोखरच सुटेनासे होतात.

पेटीवरचा हातच अडला असेल, तर दोष आंतला आहे. कड्यास सरकविणारा चिमटा झिजला असेल, शाफ्टाच्या खांचा पिळल्या असतील, किंवा दांत्यांस कोर आली असेल. हें काम मालकानें रानांत उघडूं नये. परंतु पेटीचें तेल स्वच्छ भांड्यांत काढून फडक्यावर गाळून पहाण्यास हरकत नाहीं. चुंबकास करडी, मऊ पूड लागली तर ती नेहमींची झीज समजावी; चकाकणारे कपचे लागले तर ट्रॅक्टर आणखी चालवूं नये. ते कपचे एका फडक्यांत बांधून फिटरास दाखवावे; तोंडी वर्णनापेक्षां त्यांवरून त्यास अधिक कळतें.

बटणानें चालणारी ओढ

अलीकडील कित्येक ट्रॅक्टरांत दांड्याऐवजीं बटण असतें व आंत तेलानें चालणाऱ्या तबकड्यांचा क्लच असतो. यांचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारांत तेलाच्या दाबानें ओढ जोडली जाते व स्प्रिंगनें सुटते. दुसऱ्यांत याच्या उलट, स्प्रिंगनें ओढ जोडलेली राहते व तेलाच्या दाबानें ती सोडविली जाते. दुसऱ्या प्रकारांत फ्यूज गेला, वायर तुटली किंवा तेलाचा दाब कमी झाला, तर ओढ जोडलेलीच राहते. ही रचना हेतुपुरस्सर असते. बिघाड झाला तरी पुढच्या चाकांची ओढ व ब्रेकचा आधार हातचा जाऊं नये, असा त्यांत विचार आहे. या जातीच्या ट्रॅक्टरांत इंजिन बंद केलें कीं दाब जातो व ओढ आपोआप जोडली जाते. म्हणून वर सांगितलेली जॅकची परीक्षा तेथें फसवी ठरते. आपला ट्रॅक्टर कोणत्या जातीचा आहे हें पुस्तकावरून आधीं पहावें.

पाहणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम फ्यूज. नंतर तेलाची पातळी व गाळणी. नंतर वायरींचे जोड; यांत पाणी व हिरवट गंज फार वेळां सांपडतो. मग किल्ली फिरवून, इंजिन न चालवितां, बटण दाबावें व सोडावें, आणि दुसऱ्यानें तेलाच्या झडपेपाशीं कान द्यावा. हलकासा "टिक्" आवाज आल्यास झडपेपर्यंत वीज पोंचते असें समजावें. आवाज नसल्यास बारा व्होल्टच्या दिव्यानें जोड तपासावा. कांहीं ट्रॅक्टरांत दोन्ही ब्रेक एकदम दाबले असतां ओढ आपोआप जोडली जाते. तेथें ब्रेकच्या पायट्याखालचें बटण अडकलें तरी ओढ सुटत नाहीं. शंभर-दोनशें रुपयांच्या बटणासाठीं क्लच उघडण्याचा प्रसंग येऊं नये, म्हणून हा क्रम मोडूं नये.

जीपच्या जातीच्या गाड्या

१९४१ सालापासून अमेरिकन सैन्यासाठीं मोठ्या संख्येनें तयार झालेल्या जीपच्या घराण्यांतील गाड्या आपल्याकडे पुष्कळ शेतकऱ्यांपाशीं आहेत. यांत पुढचीं व मागचीं चाकें सारखीं असल्यानें मुद्दाम ठेवलेली आगेकूच नसते. तरीही वळणावरील फरकामुळें सडकेवर पीळ भरतोच. उपाय तोच: सरळ मागें घेणें व हलका हात. याशिवाय दोन गोष्टी पहाव्या. कांहीं गाड्यांच्या पुढच्या चाकांच्या मध्यावर कुलुपें असतात. हातानें फिरवावयाचीं असल्यास दोन्ही बाजूंचीं सोडलीं आहेत ना, हें पहावें. आपोआप चालणारीं असल्यास ओढ सोडल्यावर गाडी कांहीं मीटर सरळ मागें घेतल्यावांचून तीं सुटत नाहींत. दुसरें, कांहीं गाड्यांत ही कुलुपें हवेच्या ओढीनें रबरी नळ्यांवाटे चालतात. नळीस भेग पडली तर तीं अर्धवट राहतात. नळी हातानें वांकवून पाहिली म्हणजे भेग दिसते.

अडलेल्या वेळेस काय करावें?

ऊंसतोडीचे दिवस आहेत, गाडा भरलेला आहे आणि ओढ सुटत नाहीं, अशा वेळीं ती जोडलेलीच ठेवून सडकेनें लांबचा पल्ला मारूं नये. पुढच्या आंसाचीं दांतेचाकें, शाफ्टाचे सांधे व लहान पेटी या तिन्हींवर हा मार एकदम बसतो, आणि त्यांची किंमत एका खेपेच्या भाड्यांत भरून निघत नाहीं. जाणत्या फिटराकडून, आधीं पीळ पूर्ण उतरवून, पुढचा शाफ्ट काढून घेतां येतो. त्यायोगें ट्रॅक्टर दोन चाकांच्या ओढीवर चालतो. पीळ असतांना शाफ्टाचे बोल्ट ढिले केल्यास शाफ्ट हिसका मारून हात मोडूं शकतो, हें विसरूं नये. शाफ्ट काढल्यावर पुढच्या चाकांस ब्रेकचा आधार राहत नाहीं. म्हणून ट्रॉलीचा भार व वेग दोन्ही कमी ठेवावे, उतार टाळावे, आणि ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हातीं देतांना त्यास ही गोष्ट तोंडानें सांगावी.

दांड्यावर हातोडी मारणें, नळी अडकवून जोर करणें, आणि तुटलेला दांडा वेल्डिंगनें जाड करून पुन्हां तोच जोर करणें, हे तीन प्रकार सर्वथा वर्ज्य समजावे. दांडा वांकतो तो मालकास कांहीं सांगण्यासाठींच. त्यास बळकट केल्यानें मोडण्याची जागा तेवढी पेटीच्या आंत सरकते.

नेहमींची दक्षता

ओढ जोडावी ती मऊ, ओल्या किंवा चढाच्या जमिनींत, व भारी ओढीच्या कामास. बांधाबाहेर पडण्यापूर्वींच, अजून चाकाखालीं माती आहे तोंच, ती सोडावी; सडकेवर येऊन सोडूं म्हणणाऱ्यास पीळ आधींच गांठतो. उन्हाळ्यांत महिनेच्या महिने ओढ लागत नसली तरी पंधरवड्यांतून एकदां मऊ रानांत ती जोडून सोडावी. सांधे चालते राहतात. चिखलणीचें काम संपलें कीं त्याच सायंकाळीं दांड्याचे सांधे धुवून ग्रीस द्यावें. पुढच्या आंसाचें व लहान पेटीचें तेल पुस्तकांतील तासांप्रमाणें बदलावें.

शेवटची सूचना आमच्या जुन्या धंद्यास साजेशी आहे. जमिनीचा जसा सातबारा, तशी यंत्राचीही एक वही असावी. टायर केव्हां व कोणत्या मापाचे घातले, हवा किती भरली, तेल किती तासांनीं बदललें, ओढ प्रथम कोणत्या दिवशीं व कोणत्या जमिनीवर अडकली, काय केल्यानें सुटली, हें त्या त्या दिवशीं दोन ओळींत लिहून ठेवावें. एक ट्रॅक्टर भाऊबंदांत किंवा निरनिराळ्या चालकांच्या हातीं फिरत असेल तर अशा वहीची गरज दुप्पट आहे. फिटरापुढें वही ठेवली म्हणजे अंदाजानें पेटी उघडण्याचें त्यास कारण उरत नाहीं, आणि विक्रेत्याशीं हमीसंबंधीं वाद पडल्यास मालकाच्या शब्दाला लेखी आधार राहतो.